तान्ह्या बाळाच्या अंगावरचे पुरळ

तान्ह्या बाळाच्या अंगावर वर्षभरात एकदाही पुरळ उठले नाही, असे घर सापडणे कठीण. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छातीवर लाल ठिपके दिसतात, महिन्याभरात गालांवर बारीक फोड येतात, उन्हाळा लागला की मानेच्या वळ्यांत घामोळे फुटते, लंगोटाच्या जागी कातडी लालबुंद होते. यातले बहुतेक पुरळ आपोआप किंवा साध्या काळजीने जाते. थोडे मात्र असे असते की त्याच्यासाठी एक रात्रही थांबून चालत नाही. दोन्ही प्रकार पहिल्या नजरेला सारखे दिसू शकतात आणि घरच्यांची खरी अडचण तीच असते.

जन्मताना बाळाच्या अंगावर पांढरा, चिकट थर असतो. गर्भजलात महिनोन् महिने भिजत राहिलेल्या त्वचेला तो जपतो आणि बाळ बाहेर आल्यावर ओलावा धरून ठेवतो. बाळाची पहिली आंघोळ जन्मानंतर २४ तास तरी पुढे ढकला, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्याच्या कारणांपैकी हे एक. त्या थराखालची त्वचा पातळ असते. तिच्यातून आतले पाणी लवकर उडून जाते आणि बाहेरचे पदार्थ सहज आत शिरतात. शिवाय वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या सुमारे तिप्पट भरते, त्यामुळे अंगाला लावलेल्या मलमाचा किंवा तेलाचा परिणाम बाळावर कितीतरी जास्त होतो. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो आणि हे आम्लपण जंतूंना आवरून धरते. नवजात बाळात ते फारसे नसते, पहिल्या काही आठवड्यांत हळूहळू येते. साधा साबण अल्कधर्मी असल्याने तो रोज चोळला की ही घडण लांबते. घाम बाहेर आणणाऱ्या नलिकाही या वयात पुरत्या तयार नसतात.

अशी त्वचा घेऊन बाळ कुठे वाढते, याला महत्त्व आहे. उदाहरणच घ्यायचे तर उरण तालुक्यातले द्रोणागिरी हे सिडकोने वसवलेले नवी मुंबईचे टोकाचे उपनगर. एका बाजूला खाडी, खारफुटी आणि पाणथळ जागा, दुसऱ्या बाजूला १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेव्याचे बंदर, कंटेनरची आवारे आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या अवजड गाड्यांची वर्दळ. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि एप्रिल-मेमध्ये ऊन आणि दमटपणा एकत्र नांदतात. जानेवारी २०२४ मध्ये लोकल गाडी उरणपर्यंत पोहोचली. इथे मूळच्या आगरी-कोळी गावांच्या शेजारीच देशावरून, खानदेशातून, विदर्भातून आणि परप्रांतांतून आलेली तरुण कुटुंबे राहतात. बाळंतपणाला गावाकडून आलेली आजी आपल्या गावची रीत बरोबर आणते. नाशिककडच्या कोरड्या थंडीत बाळाला भरपूर तेल लावून, टोपडे-मोजे घालून, दुपट्यात घट्ट गुंडाळून ठेवणे शहाणपणाचे असते. तीच रीत मे महिन्यात द्रोणागिरीच्या चौथ्या मजल्यावर पाळली तर बाळाचे अंग घामोळ्याने भरून जाते. रीत चुकीची नसते, ती दुसऱ्या हवेसाठी घडलेली असते.

पुरळाचे कारण शोधताना डॉक्टर सर्वात आधी तीन गोष्टी पाहतात. बाळाचे वय किती, पुरळ शरीरावर नेमके कुठे आहे आणि कुठे नाही, आणि बाळ एरवी कसे आहे. ताप आहे का, अंगावर पिते का, हुशार आहे का, या प्रश्नांची उत्तरे पुरळाच्या रंगारूपापेक्षा अधिक सांगून जातात. रंगावर फार भिस्त ठेवताही येत नाही. त्वचारोगाची बरीचशी पुस्तके गोऱ्या कातडीवरची चित्रे समोर ठेवून लिहिली गेली, त्यामुळे त्यांत प्रत्येक पुरळ ‘लाल’ असते. गव्हाळ आणि सावळ्या बाळात तेच पुरळ तपकिरी, जांभळट किंवा नुसतेच काळपट दिसते. अशा वेळी बोट फिरवून खरखरीतपणा, उंचवटा आणि उष्णता जाणून घेणे जास्त उपयोगाचे.

पहिल्या महिन्यातले पुरळ बहुधा निरुपद्रवी असते. पूर्ण दिवसांच्या जवळजवळ निम्म्या बाळांना जन्मानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत लालसर चट्टे उठतात आणि प्रत्येक चट्ट्याच्या मध्यभागी बारीक पिवळसर टोक असते. वैद्यकात याला ‘एरिथेमा टॉक्सिकम’ म्हणतात. नाव ऐकून विषबाधा झाल्यासारखे वाटते, पण यात विष नसते की जंतू नसतात. चट्टे सकाळी छातीवर, संध्याकाळी पाठीवर असे जागा बदलतात, तळहात-तळपायांवर सहसा येत नाहीत आणि आठवड्या-दोन आठवड्यांत दिसेनासे होतात. नाकावर आणि हनुवटीवर दिसणारे टाचणीच्या टोकाएवढे पांढरे दाणे म्हणजे त्वचेत अडकलेले केराटिन. ते पिळायचे नसतात. सावळ्या बाळांमध्ये कधी जन्मतःच नाजूक पांढऱ्या पुळ्या असतात, त्या फुटून तिथे तपकिरी ठिपके उरतात आणि तेही काही महिन्यांत पुसट होतात. दोन ते चार आठवड्यांच्या बाळाच्या गालांवर मुरमांसारखे फोड येतात आणि तेही औषधाविना जातात. कमरेवर किंवा ढुंगणावर दिसणारे निळसर-करडे डाग हे तर पुरळच नव्हे. तो त्वचेच्या खोल थरातला रंग असतो, आपल्याकडच्या खूप बाळांत आढळतो आणि बालपणात विरत जातो. बाळाला कुणी मारले किंवा ते पडले, असा संशय त्यावरून घेऊ नये.

दमट किनाऱ्यावर सगळ्यात जास्त दिसते ते घामोळे. घामाच्या नलिकेचे तोंड बुजले की घाम बाहेर न पडता त्वचेतच साठतो. अडथळा अगदी वरच्या थरात असला तर पाण्याच्या थेंबासारखे पारदर्शक फोड येतात, त्यांना खाज नसते आणि ते पुसताना फुटून जातात. अडथळा थोडा खोल असला तर लाल, टोचणारे, खाजणारे दाणे उठतात. कपाळ, मान, छातीचा वरचा भाग, पाठ, काखा, म्हणजे जिथे कपडा चिकटतो किंवा कातडीला कातडी लागते, तिथे ते जास्त असतात. बाळ किरकिर करते, झोप मोडते, पण ताप नसतो आणि पिणे चालू असते. घामोळ्यावर औषध असे फारसे लागतच नाही. अंग थंड आणि कोरडे झाले की दोन-तीन दिवसांत ते ओसरते. सुती, सैल झबले पुरते. पंखा लावावा. एसी २५ ते २७ अंशांवर ठेवून झोत थेट अंगावर येऊ न देता लावला तरी बाळाला काही होत नाही. बाळाला वारा लागेल या धास्तीने खिडक्या बंद करून पंखाही बंद ठेवलेल्या खोल्या या भागात अजून दिसतात आणि घामोळ्याचे निम्मे कारण त्या बंद खोलीतच असते. बाळाला ऊब पुरते की जास्त होते, हे हात-पाय चाचपून कळत नाही, कारण तान्ह्या बाळाचे हात-पाय नेहमीच थोडे गार असतात. मानेच्या मागे हात घालून पाहावा. तिथे घाम असेल तर एक कपडा कमी करावा.

घामोळ्यावर पावडर शिंपडण्याची सवय मात्र सोडून द्यायला हवी. पावडर घामाशी मिसळून तिचा गोळा होतो, तो वळ्यांत बसून नलिकांची तोंडे आणखी बुजवतो आणि बारीक कण श्वासावाटे बाळाच्या फुप्फुसांत जातात.

बाळाला तेल लावून न्हाऊ घालणे हा मराठी घरातल्या बाळंतपणाचा मोठा सोहळा असतो. मालिशवाली बाई येते, पायांवर बाळाला घेते, तेल चोळते, डाळीचे पीठ आणि साय लावून अंग घासते, कढत पाणी ओतते आणि मग शेगडीवर ओवा, लसणीच्या साली, धूप टाकून धुरी देते. यातला स्पर्श, बाळाशी चाललेले बोलणे आणि हलक्या हाताने केलेले मालिश हे सगळे जपण्यासारखे आहे. खोबरेल तेल त्वचेला मानवते, कोरडेपणा कमी करते आणि कोकणात ते घरोघरी असतेच. मोहरीचे तेल मात्र नाजूक त्वचेला झोंबू शकते, आणि महागडे म्हणून आणलेले ऑलिव्ह तेल त्वचेचा वरचा थर सैल करते. उन्हाळ्यात मालिश आंघोळीच्या आधी करावे आणि तेल धुऊन काढावे. अंगावर तेलाचा थर तसाच ठेवून बाळाला गुंडाळले की घामोळे ठरलेले. पिठाने घासण्याची खरोखर गरज नसते. बाळाच्या अंगावरची लव त्याने जाते हा समज आहे. ती लव आपोआपच गळते. घासण्याने वरचा थर ओरबाडला जातो, आणि अशा फुटलेल्या त्वचेतून अन्नातली प्रथिने शरीरात शिरली तर पुढे त्यांची ॲलर्जी होण्याची शक्यता वाढते. धुरीबद्दल तर तडजोड नको. धूर छातीला वाईट, उष्णता त्वचेला वाईट, आणि निखाऱ्यांशेजारी निसरडे, तेलकट बाळ धरणे हा थेट भाजण्याचा धोका.

दागिन्यांचीही एक बाजू आहे. बारशाला आलेले वाळे, मनगट्या, कानातले यांत हलक्या प्रतीचा धातू असेल तर त्यातल्या निकेलमुळे त्या जागी खाजरा चट्टा उठतो. करदोटा ओला राहिला की कमरेभोवती लाल रेघ उमटते. अशा पुरळाचा आकारच कारण सांगतो, कारण ते जिथे वस्तू टेकते तिथेच थांबते.

लंगोटाच्या जागचे पुरळ हे डायपर आल्यापासून वाढले, असे म्हटले जाते. पण ओला लंगोट तासन् तास तसाच राहिला तरी हेच होते. लघवीतल्या युरियाचे शीतील जंतूंमुळे अमोनियात रूपांतर होते, त्याने त्वचेचे आम्लपण कमी होते आणि शीतले पाचक रस जागे होऊन कातडी खातात. ओलाव्याने मऊ पडलेली त्वचा घर्षणाने सोलली जाते. हे पुरळ उंचवट्यांवर असते, म्हणजे ढुंगण, मांड्यांचा आतला भाग, ओटीपोट, आणि जांघेच्या खोल वळ्या बहुधा वाचतात. उलट वळ्यांतच गडद लाल चट्टा असेल, त्याच्या कडेने सुटे सुटे बारीक दाणे पसरले असतील, बाळाच्या जिभेवर पुसून न जाणारा पांढरा थर असेल किंवा नुकतेच अँटिबायोटिक दिले गेले असेल, तर तो कॅन्डिडा बुरशीचा संसर्ग समजावा. त्याला बुरशीविरोधी मलम लागते, साधे मलम पुरत नाही. साध्या पुरळावर उत्तम उपाय म्हणजे दिवसातून काही वेळ बाळाला उघडे ठेवणे, शी झाल्याबरोबर कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडे करणे आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर लावणे. सुगंधी ओले वाइप्स सोललेल्या त्वचेला झोंबतात. लांबच्या प्रवासात भरलेला डायपर तसाच राहून जातो. पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत, अर्धवट ओले राहतात, किंवा धुताना साबण पुरता निघत नाही. कारणे अशी अगदी घरगुती असतात.

तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत डोक्यावर पिवळट, तेलकट खपल्या धरतात, भुवयांत आणि कानांमागेही दिसतात. त्यांना खाज नसते. आंघोळीआधी थोडे तेल लावून मऊ ब्रशने विंचरले की त्या सुटतात. नखाने खरवडू नये. काही महिन्यांत त्या जातात.

याच्याशी गल्लत होते ती इसब या दुखण्याची. वैद्यकात त्याला ॲटॉपिक एक्झिमा म्हणतात. ते सहसा दोन-तीन महिन्यांनंतर सुरू होते. गाल लाल आणि खरखरीत होतात, मग कपाळ, हातापायांच्या बाहेरच्या बाजू, आणि सतत खाज. एवढे लहान बाळ खाजवू शकत नाही, म्हणून ते गाल उशीवर, आईच्या खांद्यावर घासत राहते. लंगोटाखालची त्वचा मात्र ओलसर असल्याने बहुतेकदा स्वच्छ राहते आणि हीच ओळखीची खूण आहे. घरात कुणाला दमा, सतत शिंका किंवा लहानपणी इसब असेल तर शक्यता वाढते. त्वचेचा वरचा थर सांधणारी प्रथिने जन्मतः कमी असणे हे त्यामागचे एक कारण आहे. त्वचेतून पाणी निसटते, ती कोरडी पडते, तडे जातात आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत शिरतात. म्हणून उपचाराचा पाया एकच, दिवसातून दोन-तीनदा, आणि आंघोळीनंतर लगेच, बिनवासाचे मॉइश्चरायझर भरपूर लावणे. सूज जास्त असेल तेव्हा डॉक्टर सौम्य स्टेरॉइड मलम ठरावीक दिवसांसाठी देतात आणि ते घाबरून टाळू नये. इसब म्हटले की आईने अंडी, मासे, शेंगदाणे सोडावेत असा सल्ला सर्रास दिला जातो. बाळाला एखाद्या पदार्थाने त्रास होतो हे स्पष्ट दिसल्याशिवाय तसे करण्याने आई अशक्त होते आणि बाळाचे इसब तसेच राहते.

अन्नाची खरी ॲलर्जी वेगळी दिसते. सहाव्या महिन्यानंतर उष्टावण होते आणि दूध, अंडे, शेंगदाणे, मासे एकेक करून बाळाच्या पोटात जाऊ लागतात. उरण-करंजा-मोऱ्याकडच्या घरांत मासा लवकरच ताटात येतो. ॲलर्जी असेल तर पदार्थ खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ किंवा डोळे सुजतात, उलटी होते. आवाज बसला, घरघर लागली किंवा बाळ निपचित पडले तर तो जिवावरचा प्रसंग असतो आणि १०८ क्रमांकाला फोन करण्यात क्षणही घालवू नये. याउलट टोमॅटो, लिंबू, आमटी यांनी तोंडाभोवती उठलेली लाली आणि दात येताना लाळेने ओली राहणारी हनुवटी हा नुसता चुरचुरीचा परिणाम आहे, ॲलर्जी नव्हे. एका वेळी एकच नवा पदार्थ, तोही सकाळी द्यावा, म्हणजे काही झाले तर कारण कळते आणि दवाखानाही उघडा असतो.

डास चावल्याचे फोड प्रत्येक आई ओळखते. काही बाळांत मात्र एका चाव्याने अंगभर खाजऱ्या गाठी उठतात आणि जुने चावेही पुन्हा फुलतात. खाडीकाठच्या वस्तीत संध्याकाळी डासांचा त्रास असतोच, पण डेंगी आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास खाडीच्या चिखलात वाढत नाही. त्याला साठवलेले स्वच्छ पाणी हवे असते, आणि बांधकामे सुरू असलेल्या वसाहतीत टाक्या, पिंपे, उघडी डबडी, कुंड्यांखालच्या ताटल्या यांतून ते मुबलक मिळते. हा डास दिवसा चावतो, म्हणून बाळ दुपारी झोपतानाही मच्छरदाणी हवी. कॉइलचा धूर बाळाच्या खोलीत नको.

चिकुनगुनियाचे महाराष्ट्राशी जुने नाते आहे. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची मोठी साथ आली, नंतर तीन दशके तो जवळजवळ दिसला नाही आणि २००५-०६ मध्ये परतला तो कायमचाच. मोठ्यांना तो सांधेदुखीने छळतो, पण तान्ह्या बाळांत त्याचे रूप वेगळे असते. जोराचा ताप, असह्य रडणे, अंगावर पाण्याचे मोठे फोड, आणि नंतर नाकावर, गालांवर उमटणारा तपकिरी-काळा रंग. हा रंग पाहून घरचे हादरतात, पण तो महिन्यांनी फिका होतो. आईला प्रसूतीच्या वेळीच चिकुनगुनियाचा ताप असेल तर बाळाला संसर्ग होऊन पहिल्या आठवड्यातच ही लक्षणे दिसू शकतात. अशा बाळाला रुग्णालयात ठेवावे लागते.

खरजेचा विचार घरच्यांना सहसा सुचत नाही. मोठ्यांत खरूज बोटांच्या बेचक्यांत असते, तान्ह्या बाळांत मात्र तळहात, तळपाय, काखा आणि डोक्यावरही पुळ्या येतात. रात्री वाढणारी खाज आणि घरात आणखी कुणी खाजवत असणे, या दोन गोष्टी जुळल्या की निदान जवळपास पक्के. उपचार एकट्या बाळाचा करून उपयोग नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री औषध लावावे लागते आणि अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवावे लागते. बाळाला कोणते औषध आणि किती वेळ, हे डॉक्टरच ठरवतात, कारण मोठ्यांची काही औषधे दोन महिन्यांखालच्या बाळाला घातक असतात.

तापाबरोबर येणाऱ्या पुरळात क्रम महत्त्वाचा. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाला तीन-चार दिवस खूप ताप येतो, मग ताप उतरतो आणि त्याच दिवशी छाती-पोटावर गुलाबी ठिपके उमटतात. याला रोझिओला म्हणतात. पुरळ दिसते तेव्हा दुखणे संपत आलेले असते. हात, पाय आणि तोंडात फोड येणारा आजार पावसाळ्यात पाळणाघरांतून पसरतो. २०२२ साली केरळात ‘टोमॅटो फ्लू’ म्हणून ज्याचा बोलबाला झाला, तो याच जातीचा. तोंडातल्या फोडांमुळे बाळ दूध नाकारते आणि अंगातले पाणी कमी होण्याची भीती असते. कांजिण्यांत पाण्याचे फोड टप्प्याटप्प्याने येतात, म्हणून एकाच वेळी ताजे फोड आणि सुकलेल्या खपल्या शेजारी शेजारी दिसतात.

गोवराचे पुरळ तापाच्या मध्यातच येते, ताप उतरल्यावर नाही. आधी तीन-चार दिवस ताप, खोकला, वाहणारे नाक, लाल डोळे, मग कानांमागून आणि केसांच्या रेषेपासून पुरळ सुरू होऊन चेहऱ्यावरून खाली उतरते. २०२२ च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईतल्या गोवंडीच्या दाट वस्तीतून गोवराची साथ सुरू झाली, मालेगाव आणि भिवंडीतही रुग्ण सापडले आणि लस न घेतलेली मुले दगावली. आईकडून मिळालेले संरक्षण नऊ महिन्यांच्या आधीच विरू लागते, त्यामुळे लशीचे वय न झालेली बाळेही आजारी पडली. तेव्हा केंद्र सरकारने जास्त रुग्ण असलेल्या भागांत सहा महिन्यांच्या बाळांनाही एक जादा डोस देण्याची सूचना केली. नेहमीच्या वेळापत्रकात गोवर-रुबेला लशीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत असतो. जादा डोस मिळाला तरी हे दोन्ही घ्यावेच लागतात. गोवर ‘बाहेर पडू द्यावा’, मुलाला डॉक्टरकडे नेऊ नये, तेल-फोडणी बंद करावी, या समजुतीमागे देवीचा कोप नको ही जुनी श्रद्धा आहे. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवल्याने काही बिघडत नाही, पण अन्न तोडल्याने आणि उपचार लांबवल्याने न्यूमोनिया आणि जुलाबांनी मुले जातात. गोवर झालेल्या मुलाला ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी द्यायचे असतात. त्याने डोळे आणि जीव वाचतात.

गोवराची लस दिल्यानंतर आठवड्या-दीड आठवड्याने सौम्य ताप आणि फिकट पुरळ येऊ शकते. ते इतरांना लागत नाही आणि पुढचा डोस त्यासाठी टाळू नये.

या सगळ्या पुरळांवर औषधाच्या दुकानातून एकच ट्यूब आणली जाते, ही आपल्याकडची मोठी चिंतेची बाब आहे. तीव्र स्टेरॉइड, बुरशीविरोधी औषध आणि अँटिबायोटिक यांचे मिश्रण असलेली ही मलमे दोन दिवसांत लाली घालवतात आणि म्हणून शेजारीपाजारी सुचवली जातात. बुरशी असेल तर ती दबून पसरते. डायपरखाली लावलेले मलम झाकले गेल्याने आणखी शोषले जाते. त्वचा विरळ होते, आणि दीर्घकाळ वापरल्यास औषध रक्तात जाऊन बाळाचा चेहरा सुजतो, वाढ मंदावते, शरीराची स्वतःची स्टेरॉइड तयार करण्याची क्षमता दबते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेला लावायची अनेक स्टेरॉइड औषधे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आणले. तरी काउंटरवरून ती मिळतात, म्हणून ट्यूबवरची नावे वाचावीत. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तान्ह्या बाळाला लावू नये.

पहिल्या महिन्यात पुळ्यांत पू दिसला तर त्या मोजाव्यात. गावपातळीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना जे शिकवले जाते त्यानुसार दहा किंवा अधिक पुवाच्या पुळ्या, किंवा एकच मोठा फोड, हे नवजात बाळाच्या शरीरात जंतुसंसर्ग पसरत असल्याचे लक्षण मानून त्याला लगेच रुग्णालयात पाठवायचे असते. हे कर्मचारी घरी जाऊन बाळ तपासतात आणि ही पद्धत महाराष्ट्रातच घडली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी आणि आजाराची लक्षणे शिकवली. तिथला नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि २०११ पासून ही पद्धत देशभर आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेटते. प्रत्येक भेटीत बाळाचे कपडे काढून काखा, जांघा, मान आणि बेंबीजवळची त्वचा तिला पाहू द्यावी. इमारतींच्या वसाहतीत ही भेट चुकण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे बाळंतपणानंतर अंगणवाडीत किंवा उरणच्या ग्रामीण रुग्णालयात नाव नोंदवून ठेवणे चांगले.

तीन महिन्यांखालच्या बाळाला पुरळाबरोबर १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर रात्र असो वा दिवस, थांबू नये. पहिल्या महिन्यात पाण्याचे फोड घोळक्याने उठले तर ते नागीण-गटातल्या हर्पिस विषाणूचे असू शकतात आणि तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. कातडी भाजल्यासारखी सोलून निघत असेल, बाळ दूध ओढत नसेल, सुस्त पडले असेल, टाळू फुगली असेल, तर तातडी तेवढीच. पाच दिवस न उतरणारा ताप, लाल ओठ-डोळे आणि पुरळ असे एकत्र आले तर कावासाकी आजाराची शंका घ्यावी लागते. त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते आणि पहिल्या दहा दिवसांत उपचार मिळाले तर ती बरीच टळते. महिनोन् महिने न हटणाऱ्या खपल्या आणि लंगोटातले पुरळ, किंवा तोंड, गुदद्वार आणि बोटांभोवती चिघळणारे चट्टे व सोबत जुलाब आणि केस गळणे, यांमागे जस्ताची कमतरता किंवा रक्तपेशींचे दुर्मीळ विकार असू शकतात, म्हणून त्यांची तपासणी तज्ज्ञांकडे व्हावी.

एक चाचणी घरी करता येते. पारदर्शक काचेचा पेला पुरळावर दाबून धरावा. साधे पुरळ दाबाखाली फिके पडते. जांभळे-लाल ठिपके तसेच राहिले तर ते त्वचेखाली झिरपलेले रक्त असते, आणि ताप असलेल्या बाळात ते मेंदूज्वराचे, रक्तातल्या जंतुसंसर्गाचे किंवा डेंगीचे लक्षण असू शकते. सावळ्या बाळात ही चाचणी तळपाय किंवा पोट अशा, जिथे रंग हलका असतो, त्या जागी करावी. डॉक्टरकडे निघताना पुरळ पहिल्यांदा कधी आणि कुठे दिसले, ताप त्याआधी होता की नंतर, गेल्या दोन आठवड्यांत कोणते औषध, लस किंवा नवा पदार्थ दिला, घरात आणखी कुणाला खाज किंवा ताप आहे का, हे लिहून न्यावे. पुरळाचे भरपूर उजेडात काढलेले छायाचित्रही जवळ ठेवावे, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत गांधी जिरतात. कपाळावर वेखंड किंवा अंगावर मलम लावून बाळाला नेऊ नये, त्याखालची त्वचा डॉक्टरांना दिसत नाही.